३६ फोटोंचं माप : वाचनालयाच्या भिंतीसाठी केलेल्या कामाच्या नोंदी

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात मराठवाड्यातल्या बारवा, देवळं आणि किल्ल्यांचे फोटो कायमचे लावायचे ठरले. मुहूर्त १७ सप्टेंबरचा, मुक्तिसंग्राम दिनाचा. फोटो बहुतेक मीच काढलेले, आठेक वर्षांत रविवारी मोटारसायकलवर फिरून. थोडे मित्रांचे, पाच वडिलांचे. फोटो गोळा करायला वेळ लागेल असं वाटलं होतं, पण खरा वेळ खाल्ला मापांनी. कुणी गावात, शाळेत किंवा घरी असं काही करणार असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून नोंदी जशाच्या तशा देतोय.

४ मे

४२ फोटो निवडले. सगळे एका मापाचे हवेत, म्हणजे भिंत नीटनेटकी दिसेल, एवढाच विचार केला. ८ बाय १२ इंच ठरवलं आणि सगळे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर लॅबला पाठवले. एका प्रिंटचे ६० रुपये, ४२ चे २,५२०.

६ मे

प्रिंट आणल्या. जेवणं झाल्यावर घरी ओसरीवर मांडल्या. आई बघत होती. औंढा नागनाथचा फोटो हातात घेऊन म्हणाली, "कळस कुठंय रे याचा?"

कळस गेलेला होता. औंढ्याच्या देवळाची ओळखच दोन भागांत आहे : खाली कोरीव काळा दगड आणि वर नंतरच्या काळात बांधलेलं पांढरं शिखर. तो फोटो मी मोबाईलवर आडवा काढलेला. मोबाईलचा फोटो ४:३ चा (रुंदी ४ तर उंची ३), आणि ८ बाय १२ चा कागद ३:२ चा. लॅबच्या मशीननं कागद पूर्ण भरण्यासाठी वरून आणि खालून मिळून उंचीचा नववा भाग उडवला. वरून गेलं त्यात कळस गेला.

पण त्याहून वाईट पुढं होतं. वडिलांकडं आगफा क्लिक थ्री कॅमेरा होता. त्यात १२० ची फिल्म बसायची आणि एका रोलवर १२ चौकोनी, म्हणजे चारही बाजू सारख्या असलेले, फोटो निघायचे. त्यांनी १९७२ च्या दुष्काळात गावाजवळच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायांचा एक फोटो काढलेला आहे. आई तो फोटो किती तरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "यातली पोरगी?"

मूळ फोटोत खालच्या कडेला, खडीच्या ढिगाशेजारी, गोधडीवर एक तान्ही मुलगी झोपलेली आहे. डोक्यावर ऊन येऊ नये म्हणून खडी वाहायच्या दोन पाट्या एकमेकींना टेकवून सावली केलेली. चौकोनी फोटो आडव्या ८ बाय १२ मध्ये कोंबला की तिसरा हिस्सा जातो, वरून सहावा भाग आणि खालून सहावा. मुलगी, गोधडी, पाट्या, सगळं खालच्या सहाव्या भागात होतं. प्रिंटमध्ये उरल्या नुसत्या खडी फोडणाऱ्या बाया. तो फोटो वडिलांनी का काढला असेल हे त्यातून कळतच नव्हतं.

त्या रात्री वहीत एक नियम लिहिला : मापासाठी फोटो कापायचा नाही.

११ मे

४२ फोटोंची मोजणी केली. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं, अर्ध्या तासाचं काम आहे.

मोबाईलचे ४:३ चे : १९
कॅमेऱ्याचे ३:२ चे : १४
मोबाईलची सेटिंग चुकून बदलल्यामुळं निघालेले १६:९ चे : ४
वडिलांचे चौकोनी : ५

दुसरी गोष्ट याच मोजणीत सापडली. व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेल्या फोटोंची लांबी १,६०० पिक्सेलवर आलेली. माझ्या मोबाईलमधला मूळ फोटो ४,००० बाय ३,००० चा आहे. १२ इंचांच्या प्रिंटला मुळात इंचाला ३३३ पिक्सेल मिळतात, व्हॉट्सअ‍ॅपनंतर १३३ उरतात. म्हणजे कापाकापी झाली नसती तरी या प्रिंट मी लावल्या नसत्या. मित्रांना पुन्हा फोन केले : फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तिघांनी दोन दिवसांत पाठवले. एकाचा जुना मोबाईलच बिघडलेला, त्याच्याकडं व्हॉट्सअ‍ॅपचीच प्रत उरली होती. तो फोटो कंधारच्या किल्ल्याच्या खंदकाचा, पाणी काठोकाठ असतानाचा. तसा मला पुन्हा मिळेल याची खात्री नाही, म्हणून ठेवला. पुढं प्रिंट भिंतीला लावून चार-पाच फुटांवरून पाहिली तेव्हा शेजारच्या फोटोत आणि त्यात फरक जाणवला नाही. अगदी जवळ जाऊन दगडांचे सांधे पाहणाऱ्याला जाणवतो.

२५ मे

फोटो चिकटवायला ३ मिलिमीटरची सनबोर्डची (हलक्या, ताठ फोमची) एक शीट आणली होती, ७०० रुपये. त्यावर वाया गेलेल्या प्रिंट चिकटवून नमुने केले आणि पत्र्याच्या खोलीत ठेवले. आज आठ दिवसांनी पाहिले तर सगळे कडेनं वाकलेले. पत्र्याखाली दुपारी थांबवत नाही, तिथं सनबोर्ड मऊ पडतो. वाचनालयाला स्लॅब आहे, तरी आपल्याकडचा एप्रिल-मे तिथंही निघायचाच आहे. ५ मिलिमीटर घ्यायचं ठरलं. शीट गेली.

१५ जून

उद्यापासून शाळा. त्याआधी एकदा मापांचा निकाल लावावा म्हणून वाचनालयात गेलो. या वेळी प्रिंट केल्या नाहीत. जुन्या वर्तमानपत्रांचे कागद मापात कापून भिंतीला लावले. खर्च शून्य, वेळ दोन तास. ज्याला कुणाला हे काम करायचं आहे त्यानं इथूनच सुरुवात करावी.

पहिला प्रयोग : सगळ्यांची लांब बाजू १२ इंच. ४:३ चा झाला १२ बाय ९, ३:२ चा १२ बाय ८, १६:९ चा १२ बाय पावणेसात आणि चौकोनी १२ बाय १२. कागदावर ठीक वाटलं. भिंतीवर चौकोनी कागद ढोल्यासारखे दिसायला लागले आणि १६:९ चे पट्टीसारखे. क्षेत्रफळ काढलं तर १४४ चौरस इंच विरुद्ध ८१. ग्रंथपाल म्हणाले, "सर, हे मोठाले फोटो जास्त महत्त्वाचे आहेत का?" नव्हते. बघणारा मात्र तसंच समजणार.

दुसरा प्रयोग : सगळ्यांची उंची ९ इंच. आडवे फोटो एकदम सुरेख रांगेत बसले, वरची आणि खालची कड सरळ. आनंद झाला, तो उभ्या फोटोंपर्यंत टिकला. उभा ३:२ चा फोटो झाला ६ बाय ९. त्यात चारठाण्याची दीपमाळ होती. अख्ख्या संग्रहात उंचीसाठी काढलेला तो एकच फोटो, आणि खोलीत सगळ्यात लहान तोच.

दोन्ही कागद उतरवले. अंधार पडला होता.

६ जुलै

तीन आठवडे शाळेच्या प्रवेशात आणि पुस्तक वाटपात गेले. पण डोक्यात एक चालू होतं. लांबी सारखी धरली तर बिघडतं, उंची सारखी धरली तरी बिघडतं. मग क्षेत्रफळ सारखं धरून पाहू.

१२ बाय ९ म्हणजे १०८ चौरस इंच, हे मूळ धरलं. बाकीचे त्याच्या आसपास आणले :

४:३ : १२ बाय ९
३:२ : १२.७५ बाय ८.५
१६:९ : १४ बाय ७.८७५
चौकोनी : १०.५ बाय १०.५

उभ्या फोटोंना हीच मापं उलटी. पुन्हा वर्तमानपत्र कापलं, भिंतीला लावलं. या वेळी कुठलाच कागद दुसऱ्याला दाबत नव्हता. दीपमाळ पावणेतेरा इंच उंच झाली, शेजारच्या आडव्या फोटोपेक्षा उंच, आणि तशीच ती असायला हवी.

पण रांग वेडीवाकडी दिसत होती, कारण कडा कुठंच जुळत नव्हत्या. एकसारखेपणा हवाच होता, तो फोटोत आणता येत नव्हता. मग फोटोच्या बाहेर आणायचा : सगळे फोटो एकाच मापाच्या पांढऱ्या बोर्डावर मधोमध चिकटवायचे. बोर्ड आयताकृती घेतला तर उभा-आडवा प्रश्न परत येतो, म्हणून बोर्ड चौकोनी. आधी १८ बाय १८ ठरवला.

२० जुलै

दुकानात गेलो आणि १८ इंच रद्द केले. सनबोर्डची शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणजे ९६ बाय ४८ इंच. १८ चे त्यातून दहाच निघतात, बाकी कचरा. १६ इंच घेतले तर एका बाजूनं बरोबर सहा, दुसऱ्या बाजूनं बरोबर तीन. एका शीटमधून १८ बोर्ड, काहीही वाया नाही. सगळ्यात रुंद फोटो १४ इंचांचा, तोही १६ मध्ये दोन्हीकडं एक इंच सोडून बसतो.

दोन शीटमध्ये ३६ बोर्ड. मग फोटोही ३६ च ठेवले. ४:३ चे १६, ३:२ चे १२, १६:९ चे ३, वडिलांचे पाचही. सहा फोटो गळाले. शिवाय मोजणीत न धरलेला माझा आवडता नळदुर्गचा फोटोही गेला : पाणीमहाल, बोरी नदीवरचा अख्खा बांध आणि नर-मादी धबधबे एकाच लांब पॅनोरमात. तो ३:१ चा आहे. १०८ चौरस इंचांच्या हिशेबात तो १८ बाय ६ होतो आणि १६ च्या बोर्डात मावत नाही. लहान केला की धबधबे दोऱ्यासारखे दिसतात. एकासाठी सगळी भिंत बदलायची नाही म्हणून काढला. नळदुर्गचा दुसरा, साधा फोटो घेतला.

वालूरच्या चक्राकार बारवेच्या फोटोबद्दल दोन दिवस घातले. वरून काढलेला, ३:२ चा, पायऱ्यांचं गोल वेटोळं मध्ये आणि दोन्ही बाजूंना नुसतं गवत. हा चौकोनी कापला तर बिघडत नाही, उलट सुधारतो. नियम मोडतोय का? मी असं ठरवलं की फोटोला गरज असेल तर कापायला हरकत नाही, कागदाला गरज आहे म्हणून कापायचं नाही. तरी तो शेवटी पूर्णच ठेवला. गवतात एका कोपऱ्यात जनावरं पाण्याला उतरायची जुनी वाट दिसते.

१० ऑगस्ट

वडिलांचे फोटो. मूळ प्रिंट सव्वादोन इंचांच्या. आधी मोबाईलनं त्यांचे फोटो काढून पाहिले. जुन्या कागदावर उजेड चमकला आणि चौकोन एका बाजूला निमुळता झाला. तालुक्याला जाऊन स्कॅन करून आणले, १,२०० डीपीआयवर (इंचाला १,२०० पिक्सेल), ४० रुपयांना एक. सव्वादोन इंचांचे २,७०० पिक्सेल मिळाले, साडेदहा इंचांना पुरेसे. स्कॅनिंगवाल्या मुलानं आपणहून डाग पुसून द्यायची तयारी दाखवली. धूळ तेवढी काढू दिली. खडीच्या फोटोवरची घडीची रेघ राहू दिली.

२० ऑगस्ट

आता लॅबला अशी मापं कशी सांगायची? १२.७५ बाय ८.५ चा कागद कुणाकडं नसतो. उपाय असा केला : गिंप या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ५,४०० बाय ३,६०० पिक्सेलचा पांढरा कागद उघडला, म्हणजे ३०० डीपीआयवर १८ बाय १२ इंच. त्यावर फोटो खऱ्या मापात ठेवला. लॅबला सगळ्या फाइल १८ बाय १२ च्याच दिसतात, मशीनला कापायला काही उरत नाही. नंतर घरी स्टीलच्या पट्टीनं कापायचं.

पिक्सेलमध्ये मापं : ३:२ ला ३,८२५ बाय २,५५०, १६:९ ला ४,२०० बाय २,३६२, चौकोनीला ३,१५० बाय ३,१५०.

४:३ चे दोन फोटो एका कागदावर बसतात, ९ आणि ९ मिळून १८. इथं पुन्हा चूक केली. दोन्ही फोटो कागदाला काठोकाठ लावले. बिनकाठाच्या प्रिंटमध्ये मशीन चहूबाजूंनी मिलिमीटर-दोन मिलिमीटर खाते, ते फोटोतून गेलं. दोन कागद वाया, २६० रुपये. मग ४:३ चे फोटो ३,५२५ बाय २,६४४ पिक्सेलवर आणले, म्हणजे पावणेबारा इंचांचे. कडेला पांढरं राहिलं, फरक कुणाला दिसत नाही.

आणखी एक. नमुन्याच्या प्रिंटमध्ये ढगाळ आभाळाचे फोटो पांढऱ्या बोर्डात मिसळून गेले, फोटो कुठं संपतो ते कळेना. प्रत्येक फोटोभोवती एक मिलिमीटरची करडी रेघ टाकली. हे काम ३६ वेळा हातानं केलं, दोन रात्री.

लॅबवाला म्हणाला, "सर, आठ दिवस थांबा, गणपतीच्या फ्लेक्सनं मान वर करायला वेळ नाही." थांबलो. कुणाची तारीख सप्टेंबरमधली असेल तर प्रिंट श्रावणातच उरकून घ्या.

७ सप्टेंबर

२८ कागद मिळाले, १३० रुपयांनी. बोर्ड कापायला भाचा आला होता. कटरनं एका दमात कापायला जाऊ नये. पहिल्यांदा हलकी रेघ, दुसऱ्यांदा अर्धं, तिसऱ्यांदा आरपार. ब्लेड दर सहा बोर्डांना बदललं. बोथट ब्लेडनं कड भुसभुशीत होते. शीटची एक कड मुळातच थोडी तिरकी होती, ते चौथ्या बोर्डाला कळलं. गुण्या लावून पुन्हा आखलं.

१३ सप्टेंबर

आज वाचनालयात दिवसभर. दुहेरी टेपनं बोर्ड लावायचे, खिळे नकोत, असं ठरवलेलं. फोटोंचा मध्य जमिनीपासून ५४ इंचांवर. मोठ्या माणसांसाठी तीन-चार इंच आणखी वर चाललं असतं, पण इथं संध्याकाळी निम्मी मुलंच असतात.

प्रत्येक ठिकाणी फरशीपासून टेपनं ५४ मोजून खूण केली. २६ फुटांच्या भिंतीवर १५ बोर्ड, मध्ये चार-चार इंच जागा. लावून झाल्यावर दारातून पाहिलं तर सगळी रांग दाराकडं उतरत होती. शहाबादी फरशीला धुण्याच्या पाण्यासाठी दाराकडं उतार दिलेला आहे, त्या टोकाला जवळजवळ दोन इंच. मी इमानदारीनं फरशीचा उतार भिंतीवर चढवला होता.

१४ सप्टेंबर

सकाळी सातला ग्रंथपालांचा फोन. "सर, फोटो खाली यायलेत."

नऊ पडले होते. भिंतीला चुन्याची सफेदी आहे. टेपनं सनबोर्ड घट्ट धरला होता, पण भिंतीचा चुनाच पापुद्र्यासारखा सुटून टेपबरोबर आला. रात्री पाऊस होता, भिंतीला ओल. तीन बोर्डांचे कोपरे चेपले. शीटमधून बरोबर ३६ काढले होते, काही वाया नाही म्हणून खूश होतो, आणि आता जादा एकही नव्हता. तिसरी शीट आणली, १,२५०. तीन फोटो पुन्हा छापायला टाकले, त्यातला एक खडीचा.

सुताराला बोलावलं. भिंतीवर दोन इंच रुंद लाकडी पट्टी आडवी, प्लग आणि स्क्रूनं पक्की, आणि बोर्ड त्या पट्टीला वरून दोन बारीक स्क्रूनं. सरळ रेषेसाठी त्यानं गवंड्याची पाण्याची नळी मागवली. दोन टोकांना पाणी स्थिर झालं, तिथं खुणा केल्या, मधे दोरी धरून निळीची रेघ मारली. वीस मिनिटं. काल माझे चार तास गेले होते.

१६ सप्टेंबर

रात्री साडेअकराला शेवटचा बोर्ड बसला. ठिकाणांच्या चिठ्ठ्या बोर्डावर न लावता खाली भिंतीवर, सगळ्या एका उंचीवर लावल्या. बोर्डावर लावल्या असत्या तर आतली मोकळी जागा प्रत्येक फोटोला वेगळी पडली असती.

खर्चाचा हिशेब : कामी आलेला १०,२७० रुपये. त्यात प्रिंट ३,६४०, सनबोर्ड २,५००, फोटो चिकटवायचं साहित्य ६२०, कटर, ब्लेडं आणि पट्टी ४१०, सुतार आणि लाकूड २,९००, स्कॅनिंग २००. चुकांमध्ये गेलेला ५,४६० : पहिल्या प्रिंट २,५२०, वाकलेली शीट ७००, काठ खाल्लेले कागद २६०, भिंतीचा टेप ३४०, तिसरी शीट १,२५०, पुन्हा छापलेले तीन ३९०. तिसऱ्या शीटमधले पंधरा बोर्ड उरलेत, ते शाळेत वापरणार.

१७ सप्टेंबर

सकाळी झेंडावंदन झाल्यावर लोक आले. औंढ्यापुढं आई थांबली, कळस आहे एवढं बघितलं आणि पुढं गेली.

आमच्या शेजारच्या मावशींची मुलगी सासरहून आली होती. गोधडीवरची ती हीच. तिला फोटो आहे हे ऐकून माहीत होतं, पाहिला आज पहिल्यांदा. फोटो साडेदहा इंचांचा असल्यामुळं पाट्यांच्या सावलीत तिची एक मूठ दिसते, वर केलेली. मूळच्या सव्वादोन इंचांत ती मूठ मलाही कधी दिसली नव्हती. ती बराच वेळ उभी राहिली, मग पाट्यांकडं बोट करून म्हणाली, "यातली एक अजून आहे आमच्या घरी."

तिला प्रत हवी आहे. उद्या लॅबला फाइल टाकतो. साडेदहा बाय साडेदहा, रेघेसकट.